क्लायंटचे पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये टाकायचे म्हणजे विश्वास नक्की कशावर ठेवायचा?

हिशोबनीस:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण वाचून नीट सल्ला द्या. मी नाशिकला, कॅनडा कॉर्नरच्या भागात, एका टॅक्स कन्सल्टंटकडे नोकरी करते. ऑफिस छोटं आहे पण क्लायंट सगळ्या प्रकारचे, सातपूर-अंबडचे वर्कशॉपवाले, मेन रोडचे दुकानदार, दिंडोरी-निफाडकडचे द्राक्ष एक्स्पोर्टवाले. आता प्रत्येकाचं इन्कम टॅक्सचं लॉगिन, जीएसटीचं, ई-वे बिलचं, टीडीएससाठी ट्रेसेसचं, पीएफचं, एक्स्पोर्टवाल्यांचं आइसगेट (कस्टम्सचं पोर्टल) आणि अपेडाचं (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) वेगळं. हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये आहे, शीट सरांच्या कॉम्प्युटरवर शेअर्ड फोल्डरमध्ये, आणि रिटर्नच्या तारखा जवळ आल्या की जो तो पेनड्राइव्हवर कॉपी घेऊन घरी जातो. डीएससी टोकनचा, म्हणजे डिजिटल सहीच्या पेनड्राइव्हसारख्या किल्ल्यांचा, ड्रॉवर वेगळाच, टोकनवरच पिनच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. लोकांनी भरवशाने दिलेल्या गोष्टी आहेत या, मला खरंच काळजी वाटते.

म्हणून मी सरांना म्हटलं आपण पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारं सॉफ्टवेअर, घेऊया. तर ते म्हणाले, सगळ्यांच्या किल्ल्या एका तिजोरीत ठेवायच्या आणि ती तिजोरी परदेशातल्या कुठल्यातरी कंपनीच्या घरी नेऊन ठेवायची, हे तुला एक्सेलपेक्षा बरं वाटतं का? शिवाय लास्टपास नावाचा असाच एक मॅनेजर हॅक झाल्याचं त्यांनी वाचलंय. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मलाही तसंच वाटतं थोडंसं. आमच्या शीटला पासवर्ड आहे म्हणा. तर एक्सेल बरं की मॅनेजर, आणि मॅनेजर असेल तर कोणता, आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर? नुसतं "मी वापरतो, मस्त आहे" असं नको प्लीज, मला सरांना पटवून द्यायचंय.

नाशिकरोड_४२२१०१:

क्रोममध्ये सेव्ह करा ना, फुकट आहे, आपोआप भरतं. वेगळं सॉफ्टवेअर कशाला पाहिजे.

सातपूर_आयटी:

ताई, तुमच्या सरांची शंका रास्त आहे, ती झटकून टाकू नका. मी एमआयडीसीत एका कारखान्यात सिस्टीम बघतो, आमच्याकडेही यावर बराच खल झाला होता. माझं मत असं की "या कंपनीवर विश्वास ठेवू का" असं विचारून हाती काही लागत नाही, कारण आज चांगली असलेली कंपनी उद्या विकली जाते, माणसं बदलतात, धोरण बदलतं. त्यापेक्षा असं विचारा की ही कंपनी उद्या अख्खी लुटली गेली तर चोराच्या हातात नेमकं काय पडेल? याचं उत्तर सॉफ्टवेअर कसं बांधलंय त्यावर ठरतं आणि ते तपासता येतं.

लास्टपासचंच घ्या. २०२२ च्या ऑगस्टमध्ये चोर आधी त्यांच्या डेव्हलपमेंटच्या सिस्टीममध्ये शिरला, मग त्यांच्या एका इंजिनियरच्या घरच्या कॉम्प्युटरवर कीलॉगर (टाइप केलेलं सगळं चोरून नोंदवणारा प्रोग्रॅम) बसवला, तोही त्या कॉम्प्युटरवरच्या दुसऱ्याच एका मीडिया सॉफ्टवेअरमधल्या भोकातून, आणि तिथून ग्राहकांच्या व्हॉल्टच्या, म्हणजे पासवर्डच्या तिजोऱ्यांच्या, बॅकअप कॉप्या उचलून नेल्या. डिसेंबरमध्ये कंपनीने हे कबूल केलं. आता त्या कॉप्यांमध्ये युजरनेम-पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे, होते, एन्क्रिप्शन ग्राहकाच्याच मशीनवर होतं आणि मास्टर पासवर्ड (अख्खा व्हॉल्ट उघडणारा एकच पासवर्ड) कंपनीकडे जातच नाही. त्यामुळे कंपनी लुटली गेली तरी पासवर्ड लगेच उघडे पडले नाहीत, हा भाग डिझाइनने बरोबर सांभाळला. पण दोन गोष्टी वाईट होत्या. एक म्हणजे वेबसाइटचे पत्ते एन्क्रिप्ट केलेलेच नव्हते, म्हणजे कोणाचं खातं कुठल्या बँकेत, कोणाचं क्रिप्टो एक्स्चेंजवर, हे चोराला सरळ वाचता येत होतं आणि कोणाचा व्हॉल्ट आधी फोडायचा ते ठरवता येत होतं. दुसरं म्हणजे फाइल एकदा हातात आली की चोर आपल्या घरी बसून मास्टर पासवर्डचे कितीही अंदाज लावू शकतो, तीन चुका झाल्या की लॉक वगैरे प्रकार तिथे नसतो. तिथे प्रत्येक अंदाज चोराला महाग पडावा म्हणून मास्टर पासवर्ड हजारो वेळा गणितातून फिरवतात. याची ओवॅस्प या संस्थेची शिफारस २०२३ पासून ६,००,००० वेळा अशी आहे, पीबीकेडीएफ२ पद्धत वापरली तर. लास्टपासच्या कित्येक जुन्या खात्यांवर हा आकडा ५,००० च राहिला होता, नवीन खात्यांना वाढवला पण जुन्यांचा वाढवून दिलाच नाही. म्हणजे ज्याचं खातं जुनं आणि मास्टर पासवर्ड साधा, त्याचं कठीण झालं.

यावरून सरांना काय सांगायचं, तर ज्या मॅनेजरमध्ये पत्ते, नोट्स सगळंच एन्क्रिप्ट होतं, हा आकडा स्वतःला बघता आणि वाढवता येतो, कोड उघडा आहे आणि बाहेरच्या लोकांनी तपासलेला आहे, असा घ्यायचा. बिटवॉर्डन नावाच्या मॅनेजरमध्ये हे सगळं आहे, डीफॉल्ट ६,००,००० आहे, आणि हवं तर आर्गॉन२ ही पद्धत निवडता येते, तिला मेमरीही भरपूर लागते म्हणून ग्राफिक्स कार्डं लावून अंदाज मारणाऱ्याला जड जातं. क्युअर५३ या जर्मन फर्मकडून त्यांनी तपासणी करून घेतलीय आणि अहवाल साइटवर टाकलेत. उघडा कोड म्हणजे तुम्ही-मी वाचणार असं नाही, पण वाचणारे वाचतात आणि बोंब मारतात, ते महत्त्वाचं.

एक्सेलबद्दल. "प्रोटेक्ट शीट" वाला पासवर्ड असेल तर ते एन्क्रिप्शनच नाहीये, तो काढणं पोरखेळ आहे. फाइल उघडतानाच पासवर्ड मागत असेल तर मात्र ते खरं एन्क्रिप्शन आहे, नवीन एक्सेलमध्ये एइएस ही भक्कम पद्धत वापरतात. पण तरी काय, एकदा उघडली की सगळ्या क्लायंटचं सगळं एका स्क्रीनवर, आणि पेनड्राइव्हवर किती कॉप्या फिरतायत ते कोणालाच माहीत नाही. मला खरी भीती त्या पेनड्राइव्हची वाटते.

कॉलेजरोड_डेव्ह:

@नाशिकरोड_४२२१०१ घरी एखाद्याने क्रोम वापरलं तर मी लगेच नको म्हणणार नाही, सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. पण ऑफिसच्या विंडोज पीसीवर प्रॉब्लेम असा की इन्फोस्टीलर नावाचे व्हायरस असतात, रेडलाइन वगैरे, त्यांचं मुख्य कामच ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकीज (लॉगिन चालू ठेवणाऱ्या छोट्या फाइली) उचलणं हे आहे. तुम्ही विंडोजला लॉगिन असताना ब्राउझर जे वाचू शकतो ते तुमच्या नावाने चालणारा व्हायरसही वाचू शकतो. क्रोमने २०२४ मध्ये विंडोजवर याला अडवण्यासाठी नवीन व्यवस्था आणली, पण काही महिन्यांत त्यालाही पळवाटा निघाल्या. आणि हे व्हायरस येतात कुठून तर बऱ्याचदा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून. ताई, ऑफिसात क्रॅकवालं काही टाकलं असेल तर आधी ते काढा, ते असताना कुठलाही मॅनेजर वाचवू शकत नाही, कारण मशीनच दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर तुम्ही मास्टर पासवर्ड टाइप करताना तो बघणारच.

आता माझं मत सातपूरवाल्या दादांपेक्षा थोडं वेगळं आहे. सरांना परदेशातल्या सर्व्हरचीच भीती असेल तर सर्व्हरच नको, कीपासएक्ससी हा मॅनेजर वापरा. फुकट आहे, कोड उघडा आहे, सगळा डेटा एका एन्क्रिप्टेड फाइलमध्ये आणि ती फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर. २०२३ मध्ये याचीही स्वतंत्र तपासणी झालेली आहे. मूळ कीपास २००३ पासून आहे, कीपासएक्ससी हा त्याच फाइल फॉरमॅटवर चालणारा वेगळा प्रोग्रॅम, नावं सारखी म्हणून गोंधळ होतो. २०२३ मध्येच मूळ कीपासमध्ये एक भोक सापडलं होतं, मेमरीतून मास्टर पासवर्ड जवळजवळ पूर्ण परत काढता येत होता, ते २.५४ या आवृत्तीत दुरुस्त केलं. कीपासएक्ससीला ते लागू नव्हतं. हे मुद्दाम सांगतेय कारण ऑफलाइन म्हणजे आपोआप सुरक्षित असं कोणी समजू नये, अपडेट करत राहावंच लागतं.

आणि डाउनलोड फक्त मूळ साइटवरून, गूगलवर सर्च करून पहिल्या लिंकवर क्लिक अजिबात नको. २०२३ मध्ये गूगलच्या जाहिरातींमध्ये कीपासची खोटी साइट वर येत होती, पत्ता अगदी तसाच, फक्त के या इंग्रजी अक्षराखाली बारीक खूण, स्क्रीनवर धूळ बसलीय असं वाटावं इतकी बारीक. त्यातून व्हायरस उतरत होता. लोक पासवर्ड सांभाळायला सॉफ्टवेअर घ्यायला गेले आणि नेमके तिथेच अडकले, वाचून फार वाईट वाटलं होतं मला.

टॅक्सवाल्यांसाठी एक खास फायदा, काही साइटवर पासवर्ड पेस्ट करू देत नाहीत, तिथे कीपासएक्ससीचं ऑटो-टाइप चालतं, ते कीबोर्डवर टाइप केल्यासारखं अक्षर-अक्षर भरतं.

देवळालीकर:

मी निवृत्त माणूस, कॅम्पात राहतो. माझे सगळे पासवर्ड एका वहीत आहेत आणि वही गोदरेजच्या कपाटात. रशियातल्या चोराला माझं कपाट उघडता येत नाही. मुलगा मागे लागलाय की बाबा ॲप घ्या, पण मला आणि हिला दोघांना वही समजते, उद्या मला काही झालं तर तिला बँकेचं, पेन्शनचं सगळं एका जागी सापडेल. यात काय चुकतंय ते कोणीतरी समजावून सांगावं.

सातपूर_आयटी:

काका, काहीच चुकत नाहीये. घरासाठी वही चांगलीच आहे, इंटरनेटवरून येणाऱ्या चोरापासून तर फारच चांगली. फक्त दोन गोष्टी बघा. प्रत्येक ठिकाणी पासवर्ड वेगळा ठेवा, कारण एखाद्या दुकानाच्या साइटवरून तो फुटला की चोर तोच पासवर्ड ईमेलला आणि बँकेला लावून बघतात, यासाठी त्यांच्याकडे तयार प्रोग्रॅम असतात. आणि यूपीआयचा पिन किंवा एटीएमचा पिन त्याच वहीत कार्डाच्या नंबराशेजारी लिहू नका.

वहीला एक गोष्ट जमत नाही ती म्हणजे खोटी साइट ओळखणं. "तुमचा रिफंड मंजूर झाला, इथे क्लिक करा" असा मेसेज येतो, साइट हुबेहूब इन्कम टॅक्ससारखी दिसते, आपण वहीत बघून पासवर्ड भरतो. मॅनेजर तिथे भरतच नाही, कारण तो चित्र बघत नाही, पत्ता बघतो, आणि सेव्ह केलेला पत्ता जुळला नाही की गप्प बसतो. ताई, तुमच्या ऑफिसला हा फायदा सगळ्यात मोठा वाटतो मला, कारण जुलैमध्ये घाईघाईत दिवसातून कितीतरी लॉगिन करता तुम्ही लोक. मात्र स्टाफला बजावून सांगा, मॅनेजरने भरलं नाही तर कॉपी करून हाताने टाकायचं नाही, आधी थांबून पत्ता वाचायचा.

पिंपळगावकर:

मी क्लायंटच्या बाजूने लिहितो. द्राक्ष एक्स्पोर्टचं काम आहे, माझी आइसगेट, डीजीएफटी (परदेशी व्यापाराचं सरकारी खातं), अपेडा सगळी लॉगिनं माझ्या कन्सल्टंटकडे आहेत आणि खरं सांगू का, ती मी व्हॉट्सॲपवर पाठवलेली आहेत, त्यांनीच तशी मागितली होती. ताईंचा प्रश्न वाचल्यावर लक्षात आलं की आमच्यापैकी कोणीच कधी विचारलं नाही की आमचे पासवर्ड तुम्ही ठेवता कुठे. कंटेनर निघायच्या वेळी कोणी लॉगिनमध्ये घुसून काही उलटंसुलटं केलं तर माल बंदरावर अडकेल, आणि द्राक्ष थांबत नाही कोणासाठी. मला विचाराल तर कुठला मॅनेजर ते तुम्ही ठरवा, पण मुळात आमचा पासवर्ड तुम्हाला द्यावाच लागू नये असं काही करता येत नाही का?

कॉलेजरोड_डेव्ह:

दादांनी फार मुद्द्याचं विचारलं. काही ठिकाणी करता येतं. ई-वे बिल पोर्टलवर सब-युजर बनवता येतात, मालकाने आपलं मुख्य लॉगिन स्वतःकडे ठेवायचं आणि कन्सल्टंटला वेगळं द्यायचं, काम सुटलं की ते बंद करायचं. जीएसटीमध्ये कन्सल्टंट जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून रजिस्टर असेल तर क्लायंट आपल्या लॉगिनमधून त्यांना नेमू शकतो आणि ते स्वतःच्या लॉगिनने काम करतात. इन्कम टॅक्सला सीए जोडायची सोय आहे, आणि ई-फायलिंग व्हॉल्ट नावाचं सेटिंग आहे, ते चालू केलं की नुसत्या पासवर्डने लॉगिन होत नाही, आधार ओटीपी, नेट बँकिंग किंवा डीएससी लागतं. थोडा त्रास वाढतो, पण आधी जेवढी लॉगिनं अशी कमी होतील तेवढी करा आणि उरलेलीच मॅनेजरमध्ये टाका. जो पासवर्ड आपल्याकडे नाहीच तो आपल्याकडून फुटू शकत नाही.

हिशोबनीस:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कोणी समजावलं नव्हतं. सरांना सातपूरवाल्या दादांचा मेसेज वाचून दाखवला, "कंपनी लुटली गेली तर काय" हे ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनीच प्रश्न काढले, ते इथे टाकते. मास्टर पासवर्ड विसरलो तर? इंटरनेट बंद असेल किंवा कंपनीच बंद पडली तर? कोणी नोकरी सोडून गेलं तर? आणि अपडेटमधूनच व्हायरस आला तर, असं झालंय का कधी? शेवटचा प्रश्न सरांच्या भाच्याचा आहे, तो इंजिनियरिंगला आहे.

सातपूर_आयटी:

भाच्याने बरोबर पकडलं. झालंय. २०२१ च्या एप्रिलमध्ये पासवर्डस्टेट नावाच्या, कंपन्यांसाठीच्या मॅनेजरच्या अपडेटमध्येच चोरांनी आपला कोड घुसवला होता, साधारण २८ तास ते अपडेट मिळत होतं आणि त्या काळात ज्यांनी घेतलं त्यांना सगळे पासवर्ड बदलायला सांगावं लागलं. म्हणजे एन्क्रिप्शन कितीही चांगलं असो, प्रोग्रॅम बनवणाऱ्यावर आपला थोडा विश्वास राहतोच, तो शून्य करता येत नाही. म्हणूनच ईमेल, बँक, जीएसटी अशा महत्त्वाच्या ठिकाणी ओटीपी किंवा ऑथेंटिकेटर (दर वेळी नवा कोड देणारं ॲप) दुसरा टप्पा म्हणून असायलाच हवा, आणि तो कोड त्याच मॅनेजरमध्ये ठेवू नका, वेगळ्या फोनवर ठेवा.

विसरलात तर बिटवॉर्डनच्या साध्या खात्यात कंपनी उघडून देऊ शकत नाही, कीपासएक्ससीचंही तेच. आणि हे चांगलं लक्षण आहे, कारण ते उघडू शकले असते तर त्यांना लुटणाराही उघडू शकला असता. म्हणून मास्टर पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात सीलबंद करून सरांच्या बँक लॉकरमध्ये ठेवा. इथे देवळालीकर काकांची पद्धतच कामाला येते.

मास्टर पासवर्ड कसा असावा, तर एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द, आणि ते आपल्या मनाने निवडायचे नाहीत. डाइसवेअर नावाची ७,७७६ शब्दांची यादी असते, फासा पाच वेळा टाकायचा, येणाऱ्या आकड्यांवरून एक शब्द. सहा शब्द काढले की कोणाच्या अंदाजात येत नाही. आरतीची ओळ, अभंगाची ओळ, मुलीचं नाव आणि जन्मवर्ष, गाडीचा एमएच १५ वाला नंबर, हे काहीही नको, या गोष्टी अंदाज लावणाऱ्याच्या यादीत सगळ्यात आधी असतात.

इंटरनेट नसेल तर बिटवॉर्डनमध्ये लॉगिन केलेल्या मशीनवर शेवटची कॉपी असते, वाचता येते, बदल करता येत नाही. कंपनी बंद पडण्याची भीती असेल तर दर महिन्याला एन्क्रिप्टेड एक्स्पोर्ट काढून वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा, एक्स्पोर्टला स्वतःचा पासवर्ड द्यायचा पर्याय निवडा.

नोकरी सोडून जाण्याबद्दल मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरच्या जाहिरातीवर जाऊ नका. "पासवर्ड वापरता येईल पण दिसणार नाही" असं सेटिंग असतं, पण ब्राउझरमध्ये पासवर्ड भरला गेला म्हणजे ज्याला काढायचा तो काढतोच. माणूस गेला की त्याने हाताळलेले पासवर्ड बदलायचे, याला दुसरा उपाय नाही. मॅनेजरमुळे निदान त्याला कशाचा ॲक्सेस होता ही यादी हातात असते, एक्सेलमध्ये तेही कळत नाही. बिटवॉर्डनच्या फुकट ऑर्गनायझेशनमध्ये, म्हणजे पासवर्ड वाटून घ्यायच्या सामाईक खात्यात, दोनच जण बसतात, तुमच्यासाठी पैसे भरून टीम प्लॅनच घ्यावा लागेल हे सरांना आधीच सांगा.

कॉलेजरोड_डेव्ह:

आणि एक्सेलमधून इम्पोर्ट करताना सीएसव्ही फाइल (साधी, एन्क्रिप्ट न केलेली यादी) बनवाल ना, ती डाउनलोड्समध्ये तशीच पडून राहते, बहुतेक ठिकाणी हेच होतं. इम्पोर्ट झालं, पाच-दहा नोंदी उघडून तपासल्या, की ती सीएसव्ही, मूळ शीट, रीसायकल बिन, ईमेलमधल्या अटॅचमेंट, सगळ्यांचे पेनड्राइव्ह, सगळीकडून काढायचं. आणि पुसलेलं परत निघू शकतं, त्यामुळे त्या शीटमधले पासवर्ड टप्प्याटप्प्याने बदलून घ्या, बँक आणि ईमेलपासून सुरुवात. इन्कम टॅक्स पोर्टलला १४ अक्षरांपर्यंतच पासवर्ड चालतो, तर मॅनेजरच्या पासवर्ड जनरेटरमध्ये लांबी तेवढी सेट करा नाहीतर एरर येत राहील. डीएससीच्या चिठ्ठ्या मात्र आजच काढा, त्याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

हिशोबनीस:

चिठ्ठ्या काढल्या. सरांनी सांगितलंय की आधी सगळ्या जीएसटी क्लायंटना फोन करून प्रॅक्टिशनर म्हणून नेमायला सांगायचं, ई-वे बिलवाल्यांना सब-युजर, आणि जे उरतील ते बिटवॉर्डनमध्ये, ऑफिसच्या दोन मशीन आधी फॉरमॅट करून. कीपासएक्ससी सरांना जास्त आवडलं होतं पण आम्ही सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या मशीनवरून नोंदी बदलतो म्हणून ते आमच्या कामाला अवघड जाईल असं वाटलं. सर स्वतःच्या घरच्या बँकेसाठी मात्र तेच घेणार आहेत. पिंपळगावकर दादा, तुम्ही पण तुमच्या कन्सल्टंटना विचाराच, क्लायंटने विचारलं की ऑफिसं हलतात.

पिंपळगावकर:

विचारलं. शीटच निघाली. हा धागा त्यांना पाठवलाय, आणि आइसगेट, अपेडाचे पासवर्ड आज रात्रीच बदलतोय.